सगळा खेळ रसाचा

"फळं चिरायची आणि भांड्यात टाकायची, त्यात करायचं काय?" असं म्हणत केलेलं फ्रूट सॅलड अर्ध्या तासाने लगेच ओळखू येतं. सफरचंदाच्या कडा तांबूस पडलेल्या असतात, केळं बुळबुळीत झालेलं असतं आणि तळाशी धड गोड नाही, धड आंबट नाही असं गुलाबी पाणी साठलेलं असतं. फळं चांगली असतात, चिरणाराही हौशी असतो. फक्त त्या पाण्याचा विचार कोणी केलेला नसतो.

घरी दहा-बारा माणसं जेवायला असली की गोडाचं माझ्याकडे येतं, आणि मी बहुतेक वेळा हेच करतो. परवाही केलं. वहिनी आदल्या संध्याकाळपासून मागे लागल्या होत्या, "भावोजी, आत्ताच चिरून ठेवा ना, उद्या धावपळ नको." मी म्हटलं, "वहिनी, आज फक्त फळं बघून ठेवतो. सुरी उद्याच हातात घेणार."

फळं बघून ठेवणं हे अर्धं काम आहे. केळी, आंबा, पपई, किवी, पेअर ही फळं झाडावरून उतरवल्यावरही पिकत राहतात, त्यामुळे ती थोडी टणक आणली तरी घरी तयार होतात. द्राक्षं, संत्री, अननस, स्ट्रॉबेरी, डाळिंब यांचं तसं नाही. तोडली तेव्हा जेवढी गोड, तेवढीच गोड राहतात. घरी ठेवून फार तर मऊ पडतील. म्हणून या दुसऱ्या गटातलं एखादं फळ फिकं निघालं, तर "राहू दे दोन दिवस" म्हणण्यात अर्थ नसतो. पहिल्या गटातली किवी दगडासारखी असेल, तर ती पिकलेल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत घालून ठेवायची. केळ्यातून इथिलीन वायू सुटतो आणि किवी भराभर मऊ पडते. परवा तेच केलं. केळी मात्र फ्रिजबाहेरच ठेवली. फार थंडीत त्यांची साल काळी पडते आणि कच्ची असतील तर पिकणंही अडखळतं.

किती फळं घ्यायची याबद्दल माझं मत पक्कं आहे: पाच, फार तर सहा. दहा प्रकार घातले की कशाचीच चव कळत नाही, रंग मात्र भरपूर दिसतात. एक आंबटगोड रसाळ, एक करकरीत, एक मऊ, एक वासाचं आणि एक दाताखाली फुटणारं, एवढं जमलं की पुरे. या वेळी संत्री, अननस, सफरचंद, डाळिंब, द्राक्षं आणि केळी असा बेत होता. किवी आयत्या वेळी वरून लावायची होती. कलिंगड मी मुद्दाम टाळतो. ते गार करून नुसतं खावं. सॅलडमध्ये गेलं की तासाभरात स्वतः चोथा होतं आणि बाकीच्यांना पाण्यात बुडवतं.

आता या पाण्याची गंमत अशी की नुसत्या आकड्यांवरून काही कळत नाही. कलिंगडात आणि स्ट्रॉबेरीत साधारण ९१ टक्के पाणी असतं, संत्र्यात ८७च्या आसपास, सफरचंदात ८५-८६, द्राक्षात ८० आणि केळ्यात ७५. म्हणजे सफरचंद आणि संत्रं यांत जेमतेम एका टक्क्याचं अंतर. पण सफरचंदाची फोड ताटलीत ठेवली तर ताटली कोरडी राहते आणि संत्र्याची पाकळी सोलून कापली की ओघळ लागतो. पाणी किती आहे यापेक्षा ते कशात कोंडलेलं आहे, हे महत्त्वाचं. सफरचंदाच्या पेशी घट्ट आणि बारीक असतात. संत्र्यात रसाच्या लांबट पिशव्या असतात आणि एक फुटली की सगळा रस बाहेर. चिरण्याचा क्रम मी यावरून ठरवतो: जो रस देतो तो आधी, ज्याला रसाची गरज आहे तो त्याच्या पाठोपाठ, आणि ज्याला रस सोसत नाही तो सगळ्यात शेवटी.

सकाळी सगळी फळं वाहत्या पाण्याखाली धुतली. ज्यांची साल फेकायची तीसुद्धा. संत्र्याची साल आपण कुठे खातो, असं वाटतं खरं, पण सुरी सालीवरूनच आत जाते आणि सालीवर जे असेल ते गरापर्यंत घेऊन जाते. खरबुजाच्या जाळीदार सालीत तर जंतू दडून बसायला हवी तेवढी जागा असते. अमेरिकेत २०११ साली खरबुजातून पसरलेल्या लिस्टेरियाच्या साथीत ३३ माणसं दगावली होती. तसली टणक सालीची फळं मी ब्रशने घासून घेतो. साबण मात्र कधीच लावत नाही. फळाची साल सच्छिद्र असते आणि साबण आत मुरू शकतो. स्ट्रॉबेरी असली तर देठासकट धुवायची आणि देठ नंतर काढायचा, नाहीतर तिच्यात पाणी शिरतं. धुऊन झाल्यावर द्राक्षं कोरड्या फडक्यावर पसरून ठेवली. द्राक्षांवरचं नळाचं पाणी भांड्यात गेलं, तर तेवढा रस पातळ झालाच.

सुरीला धार लावून घेतली. बोथट सुरी फळ कापत नाही, चेंगरते. जितक्या जास्त पेशी चेंगरतील तितका रस वाया जातो आणि फोड तितक्या लवकर काळवंडते.

पहिलं संत्रं. इथे मी घाई करत नाही, कारण पुढच्या सगळ्या सॅलडचा पाया इथे पडतो. हाताने सोललेल्या पाकळ्या तशाच टाकल्या तर त्यांचा पातळ पापुद्रा दातात येतो आणि आतला रस आतच राहतो. म्हणून संत्र्याचं वरचं आणि खालचं टोक कापून ते फळीवर उभं ठेवतो आणि सालीच्या गोलाईवरून सुरी खाली नेत साल पांढऱ्या थरासकट उतरवतो. तो पांढरा थर कडसर असतो, त्याचा धागासुद्धा राहू देत नाही. मग संत्रं डाव्या हातात धरून, खाली मोठं भांडं ठेवून, एका पापुद्र्याला लागून सुरी मध्यापर्यंत घालायची, पलीकडच्या पापुद्र्याला लागून तशीच, आणि मधली पाकळी अलगद निखळून भांड्यात पडते. नुसता केशरी गर, बी नाही, पापुद्रा नाही. सगळ्या पाकळ्या निघाल्या की हातात पापुद्र्यांचा एक चुरगळलेला गुच्छ उरतो. तो फेकायचा नाही. मुठीत धरून भांड्यावर पिळायचा. चार संत्र्यांचे गुच्छ पिळले की भांड्याच्या तळाशी बोटभर रस जमतो. हाच आपला पाक. वेगळा साखरेचा पाक करायची गरज मला कधी वाटली नाही.

संत्र्याऐवजी ग्रेपफ्रूटही चांगलं लागतं, मला तर त्याचा कडवटपणा आवडतो. पण पाहुण्यांसाठी करताना मी ते घालत नाही. त्यातल्या काही घटकांमुळे आतड्यातलं औषधांचं विघटन करणारं एक एन्झाइम बंद पडतं आणि कोलेस्टेरॉलच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा अंश रक्तात नको तितका वाढतो. हा परिणाम एका दिवसाहून जास्त टिकतो. घरातली थोरली मंडळी काय काय गोळ्या घेतात याची यादी करत बसण्यापेक्षा संत्रं बरं.

दुसरा अननस. शेंडा आणि बूड कापलं, साल जाडसर काढली, उरलेले डोळे तिरक्या खाचा देत काढले, मधला दांडा काढून टाकला. फोडी लहानच केल्या, चमच्यात दुसऱ्या फळासोबत मावतील इतक्या. फोडींच्या आकाराबद्दल मी जरा हट्टी आहे. एका चमच्यात तीन फळं आली पाहिजेत, नाहीतर सॅलड कशाला, आख्खी फळंच पुढे ठेवावीत. अननसाच्या फोडी संत्र्याच्या रसात गेल्या आणि भांड्यातला वास एकदम पालटला.

अननस चिरताना वहिनी आल्या. हातात क्रीमचा डबा. "हे आत्ताच घालून ठेवू, म्हणजे मुरेल." मी डबा हळूच बाजूला सरकवला. ताज्या अननसात ब्रोमेलिन असतं, ते प्रथिनं तोडतं. दूध, दही, क्रीम यातल्या प्रथिनांना ते सोडत नाही आणि थोड्या वेळाने सगळं कडू लागायला लागतं. किवीतही तसलंच एन्झाइम आहे, ॲक्टिनिडिन. खूप अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते त्यातही या ब्रोमेलिनचा हात असतो. जिलेटिनची जेली करायची आणि त्यात ताजा अननस घालायचा, तर जेली कधीच धरत नाही, तेही याचमुळे. डबाबंद अननस चालतो, कारण तो डब्यात भरताना तापवलेला असतो आणि उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. हे सगळं एवढं काही मी वहिनींना सांगितलं नाही. "ज्याला हवं त्याने वाटीत वरून घ्यावं आणि लगेच खावं," इतकंच म्हटलं. त्या म्हणाल्या, "बरं बाई, तुमचं राज्य." आणि डबा फ्रिजमध्ये गेला.

मग सफरचंद. सफरचंद तांबूस का पडतं हे कळलं की अर्धी चिंता मिटते. त्याच्या पेशींत एक एन्झाइम असतं आणि फेनॉल जातीची द्रव्यं असतात, पण वेगवेगळ्या कप्प्यांत. सुरीने कप्पे फुटले की दोन्ही एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तांबूस रंग तयार होतो. आंबट माध्यमात या एन्झाइमचं फारसं काही चालत नाही, आणि क जीवनसत्त्व असेल तर रंग तयार होण्याच्या वाटेवरूनच मागे फिरवला जातो. लिंबात दोन्ही आहे. संत्र्यात आणि अननसात आंबटपणा कमी, पण काम भागण्याइतका असतो. म्हणून भांड्यात रस आधी तयार ठेवायचा आणि सफरचंद थेट त्यावर चिरायचं. फळीवर ढीग करून मग उचलून टाकायचा नाही. एका सफरचंदाच्या फोडी झाल्या की लगेच हलवून रसात घोळवायच्या, मगच दुसरं हातात घ्यायचं. वरून अर्धं लिंबू पिळतो, खात्री म्हणून. क जीवनसत्त्व काही कायमचं पुरत नाही, ते संपलं की तांबूसपणा हळूहळू येतोच, पण जेवणं उरकेपर्यंत फोडी पांढऱ्या राहतात. साल मी काढत नाही. लाल साल दिसायला छान आणि दाताखाली करकरीत. सफरचंद भुसभुशीत निघालं तर मात्र ते सॅलडमध्ये घालूच नये, शिजवायच्या कामाला ठेवावं.

डाळिंब पुतण्याकडे दिलं. वय वर्षं दहा, कामाचा उत्साह दांडगा. त्याला पाण्याने भरलेलं पातेलं दिलं आणि डाळिंब पाण्याखालीच मोडायला सांगितलं. दाणे तळाशी जातात, पांढरे पापुद्रे वर तरंगतात, आणि मुख्य म्हणजे भिंतीवर, सदऱ्यावर लाल शिंतोडे उडत नाहीत. पापुद्रे वरच्या वर काढून टाकायचे, दाणे चाळणीत निथळायचे. "काका, हे बुडतात आणि ते का तरंगतात?" या प्रश्नावर तो आणि मी थोडा वेळ पातेल्यात बघत उभे राहिलो. पांढऱ्या भागात हवा अडकलेली, दाण्यात रस भरलेला. तेवढ्यात त्याने तरंगता पापुद्रा बोटाने दाबून पाण्याखाली नेला आणि सोडला, तो टुणकन वर आला. मग पुढची पाच मिनिटं काम बंद.

द्राक्षं मोठ्यांसाठी आडवी अर्धी चिरली तरी चालतात, चिरल्याने त्यांच्यात रस शिरतो आणि चव लागते. पण घरात लहान मूल असेल तर ती उभी चिरायची आणि चार तुकडे करायचे. अख्खं द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि नेमकं लहान मुलाच्या श्वासनलिकेत बसेल अशा मापाचं असतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला ते अख्खं देऊच नये. आमच्याकडे तीन वर्षांची भाची होती, त्यामुळे सगळीच उभी चिरली, दोन तऱ्हा कशाला? ती सव्वा वर्षाची झाली तोवर मध घालायचंही मी टाळत असे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही, त्यात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात. आता प्रश्न मिटला.

यानंतर चव घ्यायची. साखर घालायची की नाही हे आधी ठरवायचंच नाही. आधी तळचा रस चमच्याने चाखायचा. परवा अननस जरा आंबट होता, म्हणून दोन लहान चमचे मध आणि चिमूटभर मीठ घातलं. मिठाचं नाव काढलं की लोक भुवया उंचावतात. पण मीठ कडवटपणा दाबतं आणि त्यामुळे गोडवा वर येतो. खारट लागण्याइतकं घातलं तर फसलं, एवढ्या मोठ्या भांड्याला दोन बोटांत येईल तितकंच पुरतं. मीठ आणि साखर दोन्ही फळांतलं पाणी बाहेर ओढतात. संत्रं, अननस यांचा आणखी रस सुटतो, त्यात मध विरघळतो आणि तोच घट्टसर रस परत फोडींवर चढतो. यासाठी अर्धा-पाऊण तास पुरे. आदल्या रात्री केलं असतं तर हेच ओढणं रात्रभर चाललं असतं आणि सकाळी लिबलिबीत फोडी पोहताना दिसल्या असत्या. वहिनींना परवा भांडं दाखवून हेच सांगितलं. त्यांनी चमचाभर रस घेतला, काही बोलल्या नाहीत, पण दुसरा चमचाही घेतला.

किसलेलं आलं पिळून त्याचे थेंबभर पाणी घातलं, फार नाही. पुदिना शेवटी.

मग झाकण लावून फ्रिजमध्ये. चिरलेलं फळ बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, कडक उन्हाळ्यात तर तासाभरातच आत जावं. एकदा साल गेली की गर आणि साखर जंतूंना मोकळीच. फ्रिज ४-५ अंशांवर असावा. पण वाढताना मी सॅलड पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढतो. फार गार पदार्थाचा गोडवा जिभेला कमी कळतो आणि वासही उठत नाही. फ्रिजमधून थेट वाटीत आलेलं सॅलड फिकं वाटतं, मग लोक वरून साखर घालतात आणि दहा मिनिटांनी तेच अतिगोड होतं.

पानं उचलली गेली तेव्हा केळी सोलली. केळं म्हणजे रस न सोसणारं फळ. फार वेळ भिजलं की कडा विरघळतात आणि सगळा रस गढूळ, चिकट होतो. आयत्या वेळी चकत्या करून, आधी थोड्या लिंबाच्या रसात घोळवून, वरून सोडल्या आणि लाकडी उलथन्याने खालून वर असं दोनदाच हलवलं. किवीच्या चकत्या कडेने लावल्या. पुदिन्याची पानं चिरली नाहीत, चिरली की तीही काळी पडतात. तळहातावर ठेवून एक टाळी मारली, वास सुटला, आणि तशीच वर टाकली. डाळिंबाचे थोडे दाणे मागे ठेवले होते, ते सगळ्यात शेवटी भुरभुरले, म्हणजे वरचे तरी लखलखीत दिसतात.

वाटीत वाढताना पळी तळापर्यंत घालून रसासकट वाढली. मोठ्या मंडळींनी क्रीम नको म्हटलं, मुलांनी घेतलं आणि कडू व्हायच्या आत संपवलं. भाचीने द्राक्षं वेचून खाल्ली आणि बाकीची वाटी आजोबांकडे सरकवली.

थोडं उरलं. केळं पडलेलं सॅलड दुसऱ्या दिवशी चांगलं लागत नाही, आणि फ्रिजमध्ये असलं तरी मी ते दिवसभराच्या पुढे नेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं सगळं कढईत ओतलं, मंद आचेवर ठेवलं. संत्र्याच्या पाकळ्या विरघळल्या, सफरचंद पारदर्शक झालं, रस आटून चकाकायला लागला, तेव्हा उतरवलं. पावाला लावून खायला हे फार छान लागतं. आणि चांगलं उकळल्यामुळे अननसातलं, किवीतलं एन्झाइमही निकामी झालेलं होतं. वहिनींना वाटीत दही घालून त्यावर दोन चमचे दिलं. त्यांनी विचारलं, "आता चालतं का हो?" म्हटलं, "आता खुशाल मुरू द्या."